पाठमोरे खाडे सर

खाडे सर वर्गाकडे पाठ करून शिकवायचे. वीस पोरं आपापल्या बाकापाशी, वाइसच्या जबड्यात लोखंडाचा तुकडा आवळून, कानस घाशीत उभी असायची; आणि सर खिडकीचा गज एका हाताने धरून, दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन बाहेरच्या कडुलिंबाकडे बघत असायचे. नव्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ रिटायर व्हायची वाट बघताहेत. मलाही तेच वाटलं होतं. तेवढ्यात मान न वळवता सर ओरडायचे, "तिसरा बाक! खांदा हलायलाय तुझा. कानस चालवायलास का पाळणा झोकायलास बे?" आणि तिसऱ्या बाकावरचा पोरगा दचकून खांदा आवरायचा.

केजपासून जीपने अर्ध्या तासावर, माळावर आमचं आयटीआय आहे. तिथे मी कॉम्प्युटर शिकवते. माझी लॅब आणि सरांचं फिटरचं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात डोकं इतकं उठलं की मी तावातावाने पलीकडे गेले आणि म्हटलं, "सर, हा आवाज जरा कमी करता येईल का?"

सर वळले. ठेंगणे, काळेसावळे, चौकड्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी काटकोन तपासायचा एक छोटा गुण्या. त्यांनी मला खालीवर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "कंपूटर मॅडम, आवाज कमी केला तर मी शिकवू कशानं?"

मला तेव्हा ते उर्मट उत्तर वाटलं. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे मला जास्त लागलं.

पुढे हळूहळू कळत गेलं. सर स्वतः कानस शिकले अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. त्यांना सर 'उस्ताद' म्हणत. उस्तादांची नजर गेलेली होती, त्यामुळे पोरांचं काम ते आवाजावरून तपासायचे. "आमच्या उस्तादाला दिसायचं न्हाई, म्हणून मला ऐकाया आलं," असं सर सांगायचे. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती उचलायची असते. पुढचा आवाज लांब आणि एकसारखा आला पाहिजे. तुकडा नीट आवळलेला नसला की कानस किंचाळते, खांदा हलला की तिचा सूर मध्येच फाटतो, पोराचं मन घरी असलं की आवाज ढिला पडतो. हे शेवटचं मला पटत नव्हतं, पण एकदा त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "सातवा बाक, घरी काय झालंय रे?" आणि सातव्या बाकावरचा दांडगा पोरगा सगळ्यांदेखत रडला. त्याची म्हैस मेली होती.

तोंडाने शाबासकी देणं सरांना माहीत नव्हतं. कुणाचं काम मनाजोगं चाललं असलं, की ते खिडकी सोडून त्याच्या मागे येऊन उभे राहायचे, तिथेच अख्खा चहा संपवायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. बस्स! तो पोरगा दोन दिवस हवेत. होस्टेलभर सांगत सुटायचा, "आज सर मागं आलते, पर बोललेच न्हाईत!" मी एकदा त्यांना छेडलं, "सर, एक शाब्बास म्हणायला तुमचं काय जातं हो?"

"शाब्बास म्हनलं की पोरगं माज्याकडं बघतंय," सर म्हणाले. "मंग जॉबकडं कुणी बघावं?"

जॉब म्हणजे तो हातातला लोखंडाचा तुकडा. तो सपाट झाला का, काटकोनात आला का, असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "मला कावून इचारतो? उजेडाला इचार." मग पोरगा जॉबला गुण्या लावून तो खिडकीसमोर धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली, की परत वाइसकडे. उजेड अडला, की झालं.

कोरोना आला त्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या तुकडीत एकच मुलगी होती, रेणुका. तिच्या घरची मेंढरं. वर्षातले सात-आठ महिने ही माणसं मेंढरं आणि सामानाचं घोडं घेऊन रानोमाळ फिरत असतात, आज या शेतात तळ, चार दिवसांनी त्या. तिला प्रवेशाला घेऊन तिचे वडील आले होते, तेव्हा मी ऑफिसात फॉर्म भरून देत होते. अंगाने काटक, डोक्याला तांबडं मुंडासं. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी सरांना सरळच विचारलं, "सर, दोन सालात पोरीचं काय तर व्हईल का?"

"काय तर न्हाई, फिटर व्हईल," सर म्हणाले.

"मंग दोन साल दिली. तिसरं मागू नगा. मेंढरामागं माणूस लागतंय, आन मला दुसरं कुणी न्हाई."

हा व्यवहार माझ्यासमोर झाला. रेणुका तेव्हा भिंतीवरच्या कानशींच्या रांगेकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतंच. आणि पोरीने खरंच कमाल केली. पहिल्या वर्षात सर तिच्या मागे किती वेळा चहा पिऊन गेले, याचा हिशेब पोरं हेव्याने ठेवायची.

दुसऱ्या वर्षाचे शेवटचे महिने राहिले आणि कोरोना आला. वर्कशॉपला कुलूप, होस्टेल रिकामं, पोरं आपापल्या गावी. मग वरून पत्र आलं: सगळं शिक्षण मोबाइलवर घ्या, रोज क्लास घ्या, हजेरीचा स्क्रीनशॉट पाठवा. प्राचार्यांनी मला फोन केला, "मॅडम, खाडे सरांना तुम्ही ऑनलाइन करा." जसं काही सरांना कुठे तरी बटण होतं!

मला मात्र मनातून आनंद झाला, हे आज कबूल करते. इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडच्या आवाजाने माझी लॅब दाबून टाकली होती. आता माझी पाळी होती. मी त्यांना मीटिंग कशी सुरू करायची, आवाज कुठून चालू होतो, सगळं शिकवलं. पहिल्या क्लासला मीही बसले, आणि बघते तर पडद्यावर चौकड्यांचा शर्ट. नुसती पाठ! सर फोन शेल्फावर ठेवून सवयीने खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"सर, अहो इकडे! कॅमेऱ्याकडे बघा!"

"कॅमेऱ्याकडं बघितल्यावर ऐकू कसं?" पाठीतून उत्तर आलं.

पोरं खदाखदा हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला नंतर लाज वाटली.

सरांनी पोरांची सोय मात्र चांगली लावली होती. कुणाच्या गावात वेल्डिंगचं दुकान, कुणाच्या गावात ट्रॅक्टरचं गॅरेज, आणि यातली निम्मी दुकानं सरांच्याच जुन्या विद्यार्थ्यांची. एकेकाला फोन करून त्यांनी प्रत्येक पोरासाठी दिवसातून तासभर वाइस मोकळा करून घेतला. राहिली एकटी रेणुका. तिचा तळ कपिलधारच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला कुठेतरी होता. तिने सरांना सांगितलं, "सर, मी करते कायतरी." आणि बाभळीच्या एका तोडलेल्या खोडाच्या बेचक्यात जॉब घालून, पाचर ठोकून, तिने तो पक्का केला.

मग कानशीचा पहिला ऑनलाइन क्लास. एकेका पोराने फोन समोर टेकवला आणि घासायला सुरुवात केली. पडद्यावर हात पुढे-मागे जायला लागले. सर डोळे मिटून उभे राहिले. आणि काहीच ऐकू येईना.

"आवाज कुठाय?" सरांनी विचारलं.

"सर, करायलोय की," पहिल्या पोराचं बोलणं ठणठणीत आलं. त्याने परत घासायला सुरुवात केली, की परत सामसूम. दुसऱ्याचं तेच, पाचव्याचं तेच.

सरांनी मला विचारलं, "मॅडम, नेटवर्कचं हाय का काय?"

मी सगळं तपासलं. माइक चालू, नेटवर्क उत्तम, बोलणं स्वच्छ. आणि मग मी, कॉम्प्युटरची मॅडम, पूर्ण खात्रीने म्हटलं, "नाही सर, आपल्या बाजूने सगळं ठीक आहे. माणसाचा आवाज येतोय म्हणजे सगळे आवाज यायलाच पाहिजेत."

सरांचा चेहरा पडला. माझ्या तोंडून ते ऐकल्यावर त्यांच्यासाठी प्रश्नच मिटला होता. गळा ऐकू येतो आणि कानस ऐकू येत नाही, म्हणजे कानस लोखंडाला लागतच नाही. पोरं नुसते हात हलवताहेत. पोरांवर ते चिडले, पण पोरं तसली बोलणी खाऊन हसणारी. शेवटी रेणुकाची पाळी आली. बाभळीच्या सावलीत ती उभी होती, पाय नीट रोवलेले, हात सरळ जात होते आणि सरळ येत होते. आवाज नाही.

"रेणुका, तू बी?"

"सर, करायले की मी."

"मला ऐकू येईना. तुज्यावर मी भरवसा टाकलता. नाटकंच करायची आसली तर घरी बस. बापाची दोन सालं कशाला नासवली?"

पडद्यावर तिचे हात थांबले. तिच्या मागे मेंढरांत आबा उभे होते. त्यांनी मान वळवून फोनकडे बघितलं, ते मला अजून दिसतं. मग तिचा चौकोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवड्याने माझा फोन लागला तो आबांनी उचलला. "सरच म्हनले, घरी बस. बसली. मेंढरं लई हायत, मॅडम, कामाला तोटा न्हाई." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. प्रॅक्टिकलची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. ती हुकली की तिसरं वर्ष, आणि तिसरं वर्ष तिच्या नशिबात नव्हतं.

सर त्यानंतर गप्प झाले. आता ते माझ्या म्हणण्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि पुस्तकातून कानशीचे प्रकार वाचून दाखवायचे. स्क्रीनशॉट अगदी झकास यायचे. प्राचार्य खूश झाले. मला मात्र तो समोरून दिसणारा माणूस बघवत नव्हता.

आमच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे. टाळेबंदीतही ती चालू होती. एका सकाळी प्राचार्यांची मीटिंग चालली होती आणि गिरणी अशी काही धडधडायला लागली, की मला माझंच बोलणं ऐकू येईना. मी ओरडून म्हटलं, "माफ करा सर, शेजारी गिरणी सुरू झालीय!"

"कसली गिरणी?" प्राचार्य म्हणाले. "आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही. ओरडता कशाला?"

मी मीटिंग तशीच टाकून उठले, विळ्याला धार लावायची कानस शोधली, दुसऱ्या खोलीत भावजयीच्या हातात मीटिंग लावून एक फोन दिला आणि इकडे लोखंडी उंबऱ्यावर कानस घासली. जीव खाऊन घासली. "ऐकू येतंय का गं?" "तुमचं बोलणं येतंय वन्स, बाकी काय नाही." मेल्या त्या मीटिंगच्या अ‍ॅपला स्वतःचं शहाणपण होतं! माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकी सगळा गोंगाट म्हणून पुसून टाकायचा. पंख्याचा आवाज, गिरणीचा आवाज, आणि वीस पोरांची कानस. मग फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर तेच घासून बघितलं. खणखणीत आलं.

कॉम्प्युटर शिकवणारी मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. उंबऱ्यावर बसून मी रडले, खोटं कशाला सांगू?

तशीच सरांच्या घरी गेले. ते अंगणात ओट्यावर बसले होते. ओट्याच्या कडेला त्यांचा स्वतःचा छोटा वाइस बसवलेला होता. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चूक माझी आहे, सर. मीच खात्री दिली होती."

सर बराच वेळ बोलले नाहीत. हे त्यांचं नेहमीचं, चहा पिताना असायचं, तसलं गप्प बसणं नव्हतं.

"म्हंजे रेणुका करत व्हती?"

"हो सर. सगळेच करत होते."

"तिचा खांदा हलत नव्हता," सर म्हणाले. "पाय नीट व्हते. कोपर बरोबर चाललं व्हतं. मी बघितलं ना हे, मॅडम! डोळ्यानं बघितलं. पर डोळ्याचं मी ऐकलं न्हाई. पस्तीस वर्षं झाली, हा कान कधी चुकला न्हाई म्हणून माज आलता मला." मग ते उठले आणि पाना घेऊन ओट्यावरच्या वाइसचे बोल्ट सोडायला लागले.

तोवर येण्याजाण्याची बंधनं सैल झाली होती. माझी स्कूटी, मागे सर, आणि सरांच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेला, जाड फळीवर बसवलेला वाइस. दर गतिरोधकाला सर "आगं आई गं" म्हणायचे आणि मी "सॉरी सर" म्हणायचे. दीड तास असे गेलो. कपिलधारच्या अलीकडे एकाला विचारलं, पलीकडे दुसऱ्याला विचारलं, आणि शेवटी एका पडीक रानात मेंढरं दिसली.

रेणुका एका कोकराच्या पायाला पट्टी बांधत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही. सरही तिच्याकडे गेले नाहीत. ते बांधावरच्या एका बाभळीच्या खोडाकडे गेले. इथेही बेचक्यात जॉब होता. पाचर ताजी होती आणि खाली लोखंडाचा कीस पडलेला होता, चमकणारा, गंज न चढलेला. घरी बस म्हटल्यावरही पोरगी घासतच होती.

सरांनी पाचर काढली. जॉब शर्टाला पुसला, खिशातला गुण्या काढून त्याला लावला आणि सूर्याकडे धरला. एक बाजू बघितली, दुसरी बघितली, चारी बाजू बघितल्या. मी त्यांच्या खांद्यामागून वाकून बघत होते. उजेडाची रेघ कुठेच नव्हती.

आबा काठी टेकत आले. "काय सर, इकडं कुटं?"

"आबा, मी चुकलो," सर म्हणाले. मोठ्याने म्हणाले, रानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोरगी खरं करत व्हती. फोनात तिची कानस येत नव्हती, आन मी तिला नाटकी म्हनलो. चार लोकांत बोललोय, चार लोकांतच माघारी घेतो." आणि त्यांनी तिथेच फोन काढून पोरांच्या ग्रुपवर तेच शब्द पुन्हा बोलून पाठवले. मग रेणुकाकडे वळून म्हणाले, "घरी बस म्हनलो ते चुकलो, पोरी."

रेणुकाने ओढणीने डोळे पुसले. "सर, मला वाटलं मलाच येईना झालं," ती म्हणाली. "तुमाला ऐकू येईना म्हंजे माझंच कायतरी चुकायलंय. म्हणून रोज परत परत करायले."

हे ऐकून सर मटकन बांधावर बसले. मीही त्यांच्या शेजारी बसले.

थोड्या वेळाने आबांनी पोत्यातलं ओझं हातात घेऊन बघितलं. "हे कुटं कुटं न्यायचं? तळ चार दिसाला हलतंय."

"परीक्षेपुरतं, आबा," मी म्हटलं. "दोन वर्षं तुम्ही दिलीत. त्यातला सव्वा महिना अजून शिल्लक आहे."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग रेणुकाकडे. "घोड्यावर टाकू," म्हणाले. आणि दावणीचा दोर आणून त्यांनी ती फळी बाभळीच्या खोडाला अशी आवळली, की सरांनी दोन्ही हातांनी हिसडे दिले तरी हलली नाही. "गाठ कसली मारली ही?" सरांनी विचारलं. "मेंढरावाल्याची," आबा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवसापासून आमचं आयटीआय खरं ऑनलाइन झालं. मीटिंग, कॅमेरा सगळं बाजूला. प्रत्येकाने रोज पाच मिनिटं कानस चालवायची, साध्या रेकॉर्डरवर आवाज धरायचा आणि सरांना पाठवायचा. सर सकाळी अंगणात भिंतीकडे तोंड करून, कानात वायरी घालून बसायचे आणि एकेकाला बोलून उत्तर पाठवायचे. "वाइस ढिला हाय, आवळ." "मागं येताना दाबायलास, कानस मारशील." रेणुकाचा आवाज बाकीच्यांहून वेगळा यायचा, लाकडाला बांधलेल्या वाइसचा जरा दबका, आणि मागे मेंढरं. कधी सुरुवातीला आबा ऐकू यायचे, "हं, हलत न्हाई आता. कर." स्क्रीनशॉटचं काय, असं प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, या वर्गाचा फोटो निघत नाही.

एक अडचण झाली. काम चांगलं झाल्यावर सर गप्प बसायचे, पण फोनवर गप्प कसं बसायचं? काही पाठवलं नाही तर पोरांना वाटायचं सरांनी ऐकलंच नाही. शेवटी सरांनीच तोड काढली. बटण दाबून धरायचं, दहा-बारा सेकंद काही न बोलता बसायचं आणि ते पाठवून द्यायचं. पहिल्यांदा ज्याला असं आलं तो बिचारा लिहितो, "सर, आवाज आला नाही." बाकीच्या पोरांनी ग्रुपवर धिंगाणा घातला, "अरे येड्या, पेढे वाट!"

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉप उघडलं. बाहेरून परीक्षक आले होते, त्यामुळे सरांना आत जायची मनाई. ते व्हरांड्यात बाकड्यावर बसले, खिडकीकडे पाठ करून. मी शेजारी. आबा रेणुकाला सोडायला आले होते ते गेलेच नाहीत, पायरीवर बसून राहिले. आत वीस कानशी सुरू झाल्या. पाच महिन्यांनी तो आवाज ऐकला आणि मला, एकेकाळी त्याची तक्रार घेऊन गेलेल्या मला, गलबलून आलं.

आबांना राहवेना. "सर, पोरगी कुठली त्यातली?"

"चौथी," सर म्हणाले.

"कसं करायलीय?"

सरांनी डोळे मिटले. आबा वाट बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. "सर, बोला की. काय चुकायलीय का?"

मी हळूच म्हटलं, "आबा, सर काही बोलत नाहीयेत."

"ते दिसायलंय की मला. म्हनूनच..."

"नाही आबा. चुकत असती, तर ते बोलले असते."

आबांनी सरांकडे बघितलं, मग खिडकीकडे. मुंडासं काढून त्यांनी तोंडावर धरलं आणि ते तसेच बसून राहिले. रेणुका तुकडीत पहिली आली. पण ते नंतर कळलं. आम्हा तिघांना त्या व्हरांड्यातच कळलं होतं.

पुढच्या वर्षी सर रिटायर झाले. रेणुका वाळूजच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली, नंतर तिथेच कायम झाली. तिसरं साल मागायचं नाही म्हणणारे आबा आता भेटेल त्याला सांगतात, "माजी पोरगी लोखंड सरळ करती."

परवा मी सरांकडे गेले होते. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यावर व्हायचं तेच झालंय. सरांना कमी ऐकू येतं. मुलाने चांगल्यातलं कानाचं यंत्र आणून दिलंय. मी विचारलं, "बरं आहे ना यंत्र?"

"तुमच्या त्या मीटिंगसारखंच हाय," सर म्हणाले. "माणसं ऐकू येत्यात. काम ऐकू येत न्हाई."

तेवढ्यात त्यांच्या फोनवर रेणुकाचं काहीतरी आलं. मी वाचून दाखवलं. 'सर, उद्यापासून कारखान्यात नव्या पोरांना कानस मी शिकवणार आहे. आधी माझं तपासा.' खाली पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं.

सरांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. आतून स्टीलचं ताट मागवलं, ते पालथं घातलं, फोन त्यावर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा करून ताटावर तळहात टेकला. मग ते माझ्याकडे पाठ करून बसले. मला कानस ऐकू येत होती, लांब, एकसारखी. त्यांना ती हातातून येत होती. पाचही मिनिटं ते हलले नाहीत. रेकॉर्डिंग संपलं तरी हात तिथेच होता.

मग त्यांनी फोन उचलला, बटण दाबून धरलं आणि गप्प बसले. मीही श्वास रोखून बसले, माझा आवाज त्यात जाऊ नये म्हणून. बारा सेकंदांनी त्यांनी बोट उचललं.

लगेच उत्तर आलं. सरांना चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचलं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्याने.

"ऐकलं, सर."